सिग्नलला थांबलं की एसी थंड करत नाही, गाडी पळाली की ठीक (२०११ ची हॅचबॅक, ठाणे)

घोडबंदरवाली
नमस्कार मंडळी, जरा मदत करा. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, आम्ही राहतो पातलीपाड्याला. एसीचं असं होतंय की ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी ६०-७० ने पळत असली की मस्त थंड हवा येते पण माजिवड्याला किंवा कापूरबावडीला अडकलो की दोन-तीन मिनिटात हवा कोमट होते आणि मग नुसता पंखा लावल्यासारखं वाटतं. आईला दर आठवड्याला मुलुंडला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, तिला उकाडा अजिबात सहन होत नाही, त्यामुळे हे खरंच लवकर सुटायला हवंय. गॅस गेल्या उन्हाळ्यात भरला होता. गॅरेजवाला म्हणतो परत गॅस भरू, नाही झालं तर कॉम्प्रेसर बदलू. इंजिनच्या टेम्परेचरचा काटा मधेच असतो, वर जात नाही. ब्लोअरचा झोत चांगला आहे. एकदम कॉम्प्रेसरचा खर्च करायचा का?

कोपरखैरणेकर
गॅस कमी झाला असणार. जुन्या गाडीला दर उन्हाळ्यात थोडा टाकावाच लागतो, आमच्या गाडीत पण दरवर्षी टाकतो. कॉम्प्रेसरला एवढ्यात हात लावू नका.

तुर्भे_कारएसी
ताई, कॉम्प्रेसर आत्ता अजिबात बदलू नका, आणि गॅसही भरू नका. मी कार एसीचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही जे लक्षण लिहिलंय ना, पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, त्यात पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे असते ती जाळी. गाडीच्या आतली उष्णता गॅस तिथे आणून बाहेर सोडतो. गाडी पळत असली की समोरचा वारा ते काम करून देतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद असला तर हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या गॅसचं, प्रेशर चढत जातं, कूलिंग पडतं, आणि फारच चढलं तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करून टाकतो. काटा मधेच राहतो म्हणताय म्हणजे रेडिएटरचा पंखा चालतोय, पण बऱ्याच गाड्यांना कंडेन्सरचा पंखा वेगळा असतो, तो बघायला हवा.

घरीच बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून चालू ठेवा, एसी फुल, बॉनेट उघडा. एसी लावल्यावर थोड्या वेळात पंखा फिरायला लागला पाहिजे. हात, ओढणी, केस लांब ठेवा, पंखा कधीही अचानक सुरू होतो. नाही फिरला तर समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू मगाने पाणी ओता आणि कोणाला तरी आत बसवून वेंटला हात लावायला सांगा. पाणी पडल्यावर आत थंड व्हायला लागलं तर समजा कॉम्प्रेसर काम करतोय आणि कमी पडतेय ती कंडेन्सरवरची हवा.

आणि कोपरखैरणेकर दादा, गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही हो. बंद सर्किट असतं. जुन्या रबरी पाइपातून, सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात टाकावा लागतोय म्हणजे तुमच्या गाडीत चक्क लीक आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल पण बाहेर जातं आणि मग कॉम्प्रेसर खरोखरच जातो. जॉइंटवर, कंडेन्सरच्या खालच्या कडेला तेलकट धुळीचा डाग दिसतो का बघा.

कोपरखैरणेकर
हे कोणी सांगितलंच नव्हतं. डाग आहे, उजव्या बाजूला खाली. रविवारी दाखवून घेतो.

ऐरोली_२००९
एक माझ्याकडून. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ इतकी वर्षं उडतेय की कंडेन्सरच्या फिन्समध्ये, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्यांमध्ये, ती मातीसारखी बसते, वर पावसाळ्यातला चिखल. पंखा चालत असला तरी हवा आरपार जात नाही. साध्या पाइपाने, कमी प्रेशरने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याला जेट मारू देऊ नका, फिन्स वाकतात आणि मग कायमचंच नुकसान. शिवाय जुन्या बेसिक मॉडेलला बऱ्याचदा केबिन फिल्टर बसवलेलाच नसतो, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे नुसती रिकामी जागा असते. मग सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर. पण त्यात झोतच कमी होतो, तुमचा झोत चांगला आहे म्हणजे ते आत्ता कारण नसावं.

आणि एसी रीसर्क्युलेशनवरच, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवा. आपल्याकडची मे महिन्यातली दमट हवा बाहेरून घेत राहिलं तर कॉइलची निम्मी ताकद त्यातलं पाणी काढण्यातच जाते.

घोडबंदरवाली
सगळ्यांचे खूप आभार! भावाला घेऊन बघितलं. पंखा फिरतच नाही!! पाणी ओतलं तर दोन मिनिटात आत गार झालं, आई तर म्हणाली हे आधी का नाही कोणी केलं. भावाने पंख्याचा रिले (पंख्याला करंट देणारा स्विच) बदलून बाजूचा तसाच दुसरा लावून पाहिला तरी पंखा हलला नाही. मग नौपाड्यातल्या इलेक्ट्रिशियनकडे नेली, त्याने कनेक्टरला मीटर लावला, १२ व्होल्ट येतायत, म्हणजे मोटरच गेली म्हणाला, आतले कार्बन ब्रश झिजून संपलेत. मोटर बदलली. काल संध्याकाळी कापूरबावडीच्या जाममध्ये बराच वेळ उभे होतो, थंड होतं!

आता विचारायचं एवढंच की पळताना आधी जेवढं गार व्हायचं तेवढंच आहे, त्यापेक्षा जास्त नाही. गॅस चेक करून घेऊ का?

तुर्भे_कारएसी
वा, छान काम केलंत, भावाला पण शाबासकी. पळताना तुम्हाला पुरेसं वाटतंय ना? मग घाई नको. साधा थर्मामीटर मधल्या वेंटमध्ये खोचून, रीसर्क्युलेशनवर, चालत्या गाडीत बघा. १० च्या आसपास आला तर या उन्हाळ्यात काही करू नका. १५-१६ च्या खाली येतच नसेल तर दाखवा.

पण दाखवताना एक नक्की सांगा. नुसता गेज लावून 'थोडा मारतो' म्हणणारा नको. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार, तुमच्या गाडीला आर-१३४ए असणार, आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. जुना गॅस मशीनने काढायचा, व्हॅक्यूम करून अर्धा तास ठेवायचा, काटा हलला तर आधी लीक शोधायचा, नाही हलला तर स्टिकरवर आहे तेवढाच वजन करून भरायचा. जास्त भरला तरी कूलिंग कमीच होतं. आणि लीक बंद करणारं औषध म्हणून डबा दाखवला तर स्पष्ट नाही म्हणा, ते व्हॉल्व्हमध्ये जाऊन चिकटतं.

घोडबंदरवाली
स्टिकर सापडला, फोटो काढून ठेवलाय. शुक्रवारी मुलुंडला जाताना थर्मामीटर लावते आणि आकडा इथे टाकते.