‘इंग्रजी कच्चं’, ‘शिकाऊ’ की ‘शिकतं मूल’?

एडिसनची बाई

न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. ज्यांच्या घरी दुसरीच भाषा बोलली जाते, ती मुलं माझ्याकडे येतात. एका गोल टेबलाभोवती गुजराती, तेलुगू, स्पॅनिश, अरबी अशा भाषांची मुलं बसतात, यंदा दोन मराठीही आहेत. या मुलांना कागदोपत्री ‘इंग्लिश लर्नर’ म्हणतात, आम्ही शिक्षक बोलताना ‘ईएलएल’ (इंग्लिश लँग्वेज लर्नर) म्हणतो. याला मराठी शब्द हवा आहे आणि तो अगदी कामासाठी हवा आहे.

मूल या वर्गासाठी निवडलं गेलं, की शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत पालकांना तसं लेखी कळवावं लागतं, असा इथला केंद्रीय कायदा आहे. होता होईल तो पालकांना समजेल त्या भाषेत. मराठी पत्र मी लिहिलं : ‘आपल्या पाल्याचे इंग्रजी अपुरे असल्याचे आढळून आले आहे.’

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना एका मुलीचे आईवडील दारात उभे. वडिलांनी खिशातून चार घड्या घातलेलं पत्र काढलं आणि हळूच विचारलं, ‘‘बाई, हिला कुठे दाखवायला लागेल का?’’ आई म्हणाली, ‘‘आम्ही कालपासून घरात मराठी बंद केलंय.’’ मुलगी शेजारीच उभी होती. दिवसभरात तिला पूर्ण समजलेलं पहिलं संभाषण बहुधा तेच असेल.

त्या रात्री मी पत्र पुन्हा वाचलं. ‘आढळून आले’ हे रोगाचं आणि अफरातफरीचं क्रियापद आहे. रक्तात मलेरिया आढळतो, हिशेबात तूट आढळते. त्यात ‘अपुरे’. मी दुसरं काय वाचायला दिलं होतं त्या माणसाला? कृपया शब्द सुचवा.

पुण्याहून, कोशाच्या कामातला

पहिला सुचतो तो ‘शिकाऊ’. शिकाऊ उमेदवार, शिकाऊ डॉक्टर, गाडीचं शिकाऊ लायसन्स. पण हा शब्द माणसाच्या अधिकारावर मर्यादा घालतो : अजून पूर्ण हक्क मिळालेला नाही, कोणीतरी शेजारी बसलं पाहिजे. शिवाय हा ‘-आऊ’ प्रत्यय जरा बेभरवशाचा. टिकाऊ, लढाऊ चांगले, पण उडाऊ, विकाऊ, दिखाऊ, कामचलाऊ यांची संगत मोठी आहे. सात वर्षांच्या मुलीला त्या रांगेत उभं करू नये.

‘नवशिका’ही नको. त्यात चुका करणारच हे गृहीत आहे.

धुळ्याचा निवृत्त शिक्षक

बाई, तुमचं पत्र वाचून मला माझा पहिलीचा वर्ग आठवला. आमच्याकडे शिक्षकांचा ठरलेला शब्द ‘कच्चा’. भाषेत कच्चा, गणितात कच्चा. पोरं घरून अहिराणी घेऊन यायची. मी विचारायचो, ‘‘काय करतोस?’’ आणि पोरगं गप्प. तेच ‘‘काय करी ऱ्हायना?’’ म्हटलं, की घरची म्हैस, विहीर, मामाचं लग्न, सगळं ओघानं बाहेर. पहिली दोन वर्षं मी त्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात ‘भाषा कच्ची’ लिहिलं. त्यांची भाषा पक्की होती. मला येत नव्हती. त्या शेऱ्यांबद्दल मला आजही वाईट वाटतं.

एक चांगलं उदाहरणही देतो. ज्यांची मराठी ही दुसरी भाषा, अशा मुलांसाठी बालभारतीच्या पुस्तकाचं नाव ‘सुलभभारती’ आहे. सुलभ आहे ते पुस्तक. मुलावर कसलाही शेरा नाही. तुमच्या पत्राला असंच काहीतरी हवं.

लंडनहून

इंग्लंडच्या शाळांत ‘ईएएल’ म्हणतात. त्यातला ‘ए’ म्हणजे अॅडिशनल. इंग्रजी ही मुलाची अधिकची भाषा, आधीच्या भाषेत पडलेली भर. माझ्या मुलाच्या कागदावर मी ‘भरीची भाषा’ असं भाषांतर केलं होतं, पण ‘भरीला घालणे’मुळे ते हलकं वाटतं. ‘जोडभाषा’ कसं वाटतं?

पुण्याहून, कोशाच्या कामातला

‘जोडभाषा’ ऐकल्यावर जोडाक्षर आठवतं आणि मुलं जोडाक्षरांना घाबरतात. ‘अधिकची भाषा’ हेच सरळ आहे.

अमेरिकेत ओफेलिया गार्सिया या अभ्यासक ‘इमर्जंट बायलिंग्वल’ म्हणतात, म्हणजे दोन भाषांचं होऊ घातलेलं मूल. मला ‘होतकरू द्विभाषक’ सुचलं होतं. ‘होतकरू’ मूळचा सुंदर शब्द आहे, पण वर्तमानपत्रांनी तो ‘गरीब व होतकरू’ अशा जोडीनंच वापरून शिष्यवृत्तीच्या अर्जावर नेऊन बसवला. आता त्यात देणाऱ्याचा हात वर दिसतो.

कॅलिफोर्नियातली एक आई

विषयाला थोडं सोडून, पण याच वर्गातलं. माझ्या मुलानं भारतातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात हात वर करून म्हटलं, ‘आय हॅव अ डाउट.’ बाईंनी विचारलं, कशाबद्दल? त्यांना वाटलं, त्या म्हणाल्या त्यावर याचा विश्वास नाही. तो घाबरून खाली बसला. पुढे महिनाभर त्यानं हात वर केला नाही. यात चूक कुणाची म्हणायची?

एडिसनची बाई

कुणाचीच नाही, आणि हे विषयाला सोडून तर मुळीच नाही. मराठीत ‘शंका’चा अर्थ क्रियापद ठरवतं. शंका विचारणारा नम्र असतो, शंका घेणारा संशयी. आपल्या शाळांतल्या इंग्रजीत ‘डाउट’ हा पहिल्या अर्थानं रुळला. अमेरिकेत त्याला दुसराच अर्थ चिकटलेला आहे. शब्द बरोबर, उच्चार बरोबर, आणि तरी मूल तोंडघशी पडतं. मी आता ऑगस्टमध्येच सहशिक्षकांना हे सांगून ठेवते.

तसंच डोळ्यांचं. माझ्या वर्गातल्या एका मुलानं रंग सांडले. वर्गशिक्षिका त्याला रागावल्या, तेव्हा तो बुटांकडे बघत राहिला. त्या म्हणाल्या, ‘‘बघा, नजर चुकवतोय, म्हणजे खोटं बोलतोय.’’ मी त्यांना ‘वर तोंड करून बोलणे’ हा वाक्प्रचार समजावून सांगितला. आपल्याकडे मोठं माणूस रागावत असताना त्याच्या डोळ्यांत बघणं हाच उद्धटपणा. खाली मान म्हणजे ‘चुकलो’. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्याच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसल्या, म्हणजे तो खाली बघत असतानाही त्या त्याला दिसतील.

शब्दाकडे येते. इथल्या कायद्याचा शब्दही बदलत आला आहे. पूर्वी ‘लिमिटेड इंग्लिश प्रोफिशियंट’ होतं, म्हणजे आपलं ‘कच्चं’च. 2015 च्या कायद्यात ‘इंग्लिश लर्नर’ आलं. न्यू जर्सीच्या नियमांत आता ‘मल्टिलिंग्वल लर्नर’ आहे. या सगळ्यामागे 1974 चा लाउ विरुद्ध निकोल्स हा खटला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे 1,800 चिनी मुलांना इंग्रजीसाठी कसलीच जादा मदत मिळत नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की तेच शिक्षक, तीच पुस्तकं, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. ज्याला भाषाच समजत नाही त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही. मराठीत हा निकाल दोन शब्दांत मावतो : ‘सारखं’ वेगळं, ‘समान’ वेगळं.

धुळ्याचा निवृत्त शिक्षक

पण बाई, पोरं तर सहा महिन्यांत फडाफडा बोलायला लागतात. मग पत्र कशाला, मदत कशाला, असं पालक विचारत नाहीत?

एडिसनची बाई

विचारतात, आणि इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. द्विभाषक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये हा फरक मांडला : मैदानावरचं, डब्याच्या वेळचं बोलणं एकदोन वर्षांत येतं, अभ्यासाची भाषा यायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. दिवाळीनंतर माझ्याकडच्या एका मुलाला मी विचारलं, ‘व्हॉट इज द डिफरन्स बिटवीन 8 अँड 5?’ तो खणखणीत इंग्रजीत म्हणाला, की 8 ला दोन गोल आहेत आणि 5 ला एकच पोट आहे. उत्तर चोख होतं. मी मराठीत ‘वजाबाकी कर’ म्हटल्याबरोबर त्यानं तीन सांगितले. त्याचं गणितही चोख, बोलणंही चोख, फक्त ‘डिफरन्स’चा गणितातला अर्थ त्याला कुणी दिला नव्हता. घरी मराठी बंद करून तो मिळाला नसता. उलट वजाबाकी म्हणजे काय हे त्याला मराठीत पक्कं माहीत होतं, म्हणून एका शब्दात काम झालं.

म्हणून त्या आईला मी सांगितलं, मराठी चालू करा, आजच करा, गोष्टी सांगा, भांडा, पाढे म्हणा.

पुण्याहून, कोशाच्या कामातला

मग नाम शोधायचं सोडूनच द्या. मराठीत ‘-ता’ हा कृदन्त प्रत्यय आहे : कमावता मुलगा, जाणती बाई, वाहती नदी. त्यात उणीव नाही, चाललेली क्रिया आहे. ‘इंग्रजी शिकतं मूल’. आणि पत्रात तर सरळ वाक्यच लिहावं.

एडिसनची बाई

लिहिलं : ‘आपली मुलगी मराठी जाणते आणि आता इंग्रजी शिकते आहे. त्यासाठी शाळा तिला रोज वेगळा वेळ देणार आहे. घरी मराठी बोलत राहावे, त्याची तिला इंग्रजी शिकतानाही मदत होईल. हा वर्ग नको असल्यास तसे कळवण्याचा आपल्याला हक्क आहे.’ ‘आढळून’ काढून टाकलं. ‘पाल्य’ही काढलं.

आता एकच अडलं आहे. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची एक प्रश्नावली भरून घेतात. तिच्या मराठी प्रतीत मी ‘मातृभाषा’ असा रकाना केला होता. एका घरात आई कानडी, वडील मराठी, सांभाळायला आलेली आजी कोकणी बोलते. वडिलांनी रकान्यावर बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि शेवटी ‘इंग्लिश’ लिहिलं.

लंडनहून

‘घरी कोणकोणत्या भाषा बोलता?’ असं विचारा. आणि खाली तीन ओळी मोकळ्या सोडा.