बीजगणित-भूमिती पायरीपायरीने शिकायचंय, काय वापरू?

गोंधळी_कंस: मुलगी आठवीत आहे, गणित विचारायला आली की मी मोबाईलमध्ये तोंड घालतो. ३(क्ष − ४) = २क्ष + ५ सोडवलं, माझं ९ आलं, पुस्तकात मागे १७. रोज अर्धा तासच मिळतो, क्लास नको, पैसे भरायचं अॅप नको. सुचवा.

जुना_फळा: ३ ने फक्त क्ष ला गुणलंत, ४ तसाच सोडलात. ३क्ष − १२ हवं. आणि अर्ध्या तासात काय होतंय, रोज दोन तास बसा.

टॅबवाली: मी पेनवाला टॅब घेतला, तेव्हापासून वही उघडलेली नाही. डोळे झाकून घ्या.

रेघोट्या: अहो ते पैसे नको म्हणतायत! पाठकोरे कागद घ्या, एका ओळीत एकच बदल करा, शेजारी का केला ते लिहा. शेवटी उत्तर मूळ समीकरणात घाला. डावीकडे ३ × १३ = ३९, उजवीकडे ३४ + ५ = ३९, जुळलं. मी ताळा न करता पेपर देऊन आलेला माणूस आहे, म्हणून सांगतोय.

जुना_फळा: पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, एवढं पाठ केलं की झालं.

रेघोट्या: तेच तर नको! पलीकडे काही जात नाही, दोन्ही बाजूंतून २क्ष वजा करतो आपण. माझा भाचा या पाठांतरापायी ३क्ष = १२ चं क्ष = १२ − ३ करायचा.

कोबाको: भूमितीचं कोणी बोलेना. जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं अॅप फुकट आहे, त्रिकोणाचा कोपरा धरून ओढा, ओढल्यावरही जे टिकतं तेच सिद्ध करायचं असतं. मी प्रत्येक त्रिकोण समद्विभुज काढायचो आणि मग बाजू सारख्या दिसतायत म्हणून सारख्याच धरायचो. आधी पक्ष (दिलेलं) काय, साध्य (सिद्ध करायचं) काय ते लिहा.

टॅबवाली: त्रिकोण एकरूप ठरवायच्या कसोट्या बाबाबा, बाकोबा, बाबाको (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) पाठ करा, बास.

कोबाको: बाबाको कसोटी नाहीच!! ३० अंशाचा कोन काढा, एका भुजेवर ८ सेंमीवर खूण करा, तिथून ५ सेंमीचा कंस मारा. दुसऱ्या भुजेला दोनदा छेदतो, म्हणजे दोन वेगळे त्रिकोण.

टॅबवाली: माझ्याकडे एकदाच छेदला.

कोबाको: भुजा लांब काढा.

शेवटचा_बाक: वर सांगितलंय तरी सांगतो, ताळा करा.

गोंधळी_कंस: सगळ्यांचे आभार. रागावू नका, पायऱ्या दाखवणाऱ्या एका अॅपचे वर्षाचे पैसे भरून टाकले. त्यात ३० अंशवालं विचारलं तर काही कळेना, शेवटी कागदावरच काढलं, खरंच दोनदा छेदतो. आता मुलगी विचारतेय, कोन काटकोन असेल तर?

कोबाको: मग त्या भुजेला एकदाच छेदेल, कंपास ८ पेक्षा जास्त उघडा म्हणावं. तीच काटकोन त्रिकोणांची कर्णभुजा कसोटी, कर्ण आणि एक बाजू जुळली की त्रिकोण एकरूप. आणि अॅपचे पैसे परत मिळतायत का बघा.