आईसाठी ई-रीडर घेतला आहे, त्यात मराठी पुस्तकं कुठून आणि कशी भरू?

नमस्कार मंडळी,

आई ७३ वर्षांची, कराडला एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं तिने पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. आता दिसतं नीट, पण बारीक टाइप झेपत नाही आणि जाडजूड कादंबरी धरली की मनगट दुखतं. वाचनालय पहिल्या मजल्यावर, गुडघ्यांमुळे तिथे जाणंही बंद झालं. फोनवर वाचून पाहिलं तर अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी. म्हणून दिवाळीत तिच्यासाठी सहा इंची ई-रीडर घेतला.

यंत्र तिला मनापासून आवडलंय. अक्षर मोठं करता येतं हे कळल्यावर तिने ते इतकं वाढवलं की पानावर सात-आठ ओळीच मावतात. म्हणाली, "हे फळ्यावर लिहिल्यासारखं दिसतंय गं."

अडलंय ते पुस्तकांपाशी. दोन-तीन ठिकाणांहून फुकटातल्या पीडीएफ उतरवल्या, तर अख्खं पान आक्रसून येतं. मोठं करायला जावं तर प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं, ते तिला जमत नाही. कॅलिबर या संगणकावरच्या मोफत प्रोग्रॅममध्ये एक पीडीएफ ईपबमध्ये (अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळवणारी ई-पुस्तकाची फाइल) बदलून पाहिली. मराठीच्या जागी रोमन अक्षरं, आकडे आणि कंसांचा नुसता काला झाला. मी पुण्याहून मेलने पाठवलेलं एक पुस्तक तर यंत्रात पोचलंच नाही.

आणखी एक. एक मराठी पुस्तक विकत घेऊन भरून दिलं होतं. तीन पानं वाचून तिने यंत्र मिटलं. "यातला ल बघ. हा आपला नाही." मी चष्मा लावून पाहिलं. खरंच, उजवीकडे उभ्या दांडीचा हिंदी वळणाचा ल होता, आणि श सुद्धा तसाच. जिने ३१ वर्षं मुलांचे हात धरून पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून घेतला, तिला प्रत्येक ओळीत ते खटकणारच. याला काही उपाय आहे का?

एका नातेवाइकाने पेनड्राइव्ह देऊ केला, "दोन हजार पुस्तकं आहेत, सगळी नवीकोरी." मी नको म्हटलं. आजच्या लेखकांची पुस्तकं मी विकतच घेईन. मला हवी आहेत ती राजरोस मोफत मिळणारी.

प्रतिसाद १

ताई, आधी त्या काल्याचं सांगतो, कारण यात पुष्कळ जणांचे तास वाया जातात. जुन्या मराठी पीडीएफ दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे स्कॅन, पानाचा सरळ फोटो. दुसरा प्रकार युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-सांकेतिक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तिथे डोळ्यांना 'क' दिसतो, पण फाइलमध्ये भलतंच रोमन चिन्ह नोंदलेलं असतं, आणि कॅलिबर तेच उचलतं. सेटिंग कितीही बदललीत तरी हे सुधारत नाही. ओळखायची सोपी खूण: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर बदलून बघण्यात अर्थ आहे, नाहीतर नाद सोडा.

त्यामुळे मुळातच ईपब मिळेल तिथे जा. मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात) साने गुरुजींचं लेखन, तुकारामांची गाथा वगैरे युनिकोडमध्ये आहे आणि तिथून ईपब उतरवता येतं. उतरवताना पुस्तकाच्या मुख्य पानावर असा. एखाद्या प्रकरणाच्या पानावरून उतरवलंत तर तेवढंच प्रकरण येतं.

राजरोसचा हिशोब असा: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचे हक्क राहतात, आणि ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना खुलं. राम गणेश गडकरी आणि हरिभाऊ आपटे दोघेही १९१९ साली गेले, त्यांचं तर केव्हाच.

ई-साहित्य प्रतिष्ठान आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवरही मोफत पुस्तकं आहेत. ती बहुतेक पीडीएफ आहेत, तेव्हा घरात दहा इंची टॅब असेल तर त्यावर उत्तम. सहा इंचांवर वाचायचीच असतील तर यंत्र आडवं धरायची सेटिंग करून द्या.

प्रतिसाद २

यंत्र किंडल (ॲमेझॉनचा ई-रीडर) असेल तर ईपब केबलने टाकू नका, ते यादीत दिसणार नाही. किंडलच्या मेल पत्त्यावर पाठवा. मात्र तुमचा स्वतःचा मेल पत्ता आईच्या खात्यातल्या मंजूर पत्त्यांच्या यादीत आधी घाला. तुमचं पुस्तक बहुधा इथेच अडलं. यादीत आल्यावर पुण्यात बसून पाठवा, आईंनी वायफाय लावलं की पुस्तक उतरेल. कोबो हा दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर असेल तर उलट, केबलने ईपब सरळ टाकता येतं.

ल साठी: गूगल फॉन्ट्सवर 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मोफत आहे. हिंदीसाठी आणि संस्कृतसाठी तिरोचे वेगळे फॉन्ट आहेत, तेव्हा नाव बघून मराठीचाच घ्या. यंत्र संगणकाला जोडून फाइल 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाका (कोबोवर हा फोल्डर स्वतः तयार करावा लागतो) आणि पुस्तक उघडून अक्षरांच्या मेनूत तो निवडा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी कराडला गेले होते. मेल पत्ता खरंच यादीत नव्हता. तो घातला, विकिस्रोतावरून साने गुरुजी पाठवले, आईने फोनचं हॉटस्पॉट लावलं आणि दोन मिनिटांत पुस्तक हजर. मग फॉन्ट टाकला. तिने पान डोळ्यांजवळ नेलं, 'ल'वर बोट ठेवलं आणि काही न बोलता पुढे वाचायला लागली. रात्री साडेअकराला मीच दिवा बंद केला, तर यंत्राच्या उजेडात तिचं वाचन चालूच.

आता तिला जुन्या काळातल्या बायकांची आत्मचरित्रं हवी आहेत. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, म्हणजे वरच्या हिशोबाने त्यांचं लेखन खुलं आहे. त्यांचं किंवा त्या पिढीतल्या इतर लेखिकांचं काही ईपबमध्ये, स्कॅन नसलेलं, कुणाला सापडलं आहे का? पुढच्या शनिवारच्या आत मिळालं तर फार बरं होईल, हातातलं पुस्तक तोवर संपेल तिचं.