मासे मारायला तलावात विष ओतणं: बंदी हवी की नियम?

पाणकावळा: परक्या माशांनी तलाव बळकावला की सरकारी खातीच त्यात रोटेनोन ओततात. डेरिससारख्या वनस्पतींच्या मुळांतलं हे द्रव्य कल्ल्यांतून शिरून पेशींचं श्वसन बंद पाडतं. परके-मूळचे सगळेच मासे मरतात. कॅलिफोर्नियातल्या लेक डेव्हिसमध्ये १९९७ साली पाइक हे परके शिकारी मासे संपवायला हा प्रयोग झाला. पोर्टोला गाव त्याच तलावाचं पाणी पीत होतं. रोटेनोनच्या मिश्रणातलं, त्याचा जोर वाढवणारं पूरक रसायन कित्येक महिने पाण्यात टिकलं, आणि १९९९ मध्ये पाइक पुन्हा हजर! पिण्याच्या पाण्यात हे सरसकट बंद व्हावं.

गाळमाती: अर्धीच गोष्ट सांगताय. २००७ मध्ये तिथेच दुसरं मिश्रण वापरून पाइक संपवले. ते खालच्या नद्यांत उतरले असते तर सॅमनच्या पिल्लांचा फडशा पडला असता, त्याचं काय? रोटेनोन उन्हात, कोमट पाण्यात लवकर विघटित होतं. वाहत्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेट सोडून निष्प्रभ करता येतं.

पाणकावळा: आणि बेडकांची पिल्लं, पाण्यातले किडे? कल्ले त्यांनाही असतात.

गाळमाती: मरतात, मान्य. किडे बऱ्याचदा परततात. नामशेष झालेला मूळचा मासा परतत नाही.

तिसरी_घंटा: उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समध्ये १९५८ पासून टीएफएम हे दुसरं विष वापरतात, लॅम्प्रेच्या, म्हणजे इतर माशांना चिकटून रक्त पिणाऱ्या परक्या माशाच्या, अळ्या मारायला. ते पचवून बाहेर टाकण्याची ताकद त्यांच्यात फार कमी, म्हणून योग्य मात्रेत बाकीचे बहुतेक मासे वाचतात. लॅम्प्रे सुमारे ९० टक्क्यांनी घटले. सगळी विषं एकाच तराजूत कशाला?

पाणकावळा: टीएफएमवर माझा आक्षेप नाहीच, धागा रोटेनोनचा आहे. उंदरांत त्याने पार्किन्सन या कंपाच्या मेंदूविकारासारखी लक्षणं दिसलीत, विसरू नका.

गाळमाती: तिथे ते शरीरात सतत सोडलं होतं हो! तलावाचं पाणी पिणं वेगळं. खरा धोका ते हाताळणाऱ्या कामगारांना. शेतात रोटेनोन वापरलेल्यांत पार्किन्सनचं प्रमाण जास्त आढळलंय. त्यांच्या मास्क-हातमोज्यांबद्दल कुणी धागा काढत नाही.

तिसरी_घंटा: पोर्टोलाचा धडा मला वेगळा वाटतो. नुसतं रोटेनोन तपासून भागत नाही. त्यात मिसळलेल्या द्रावकांसह अख्खं मिश्रण तपासा, घटकांची यादी गावाला आधी द्या, आणि पाणी स्वच्छ ठरेपर्यंत दुसऱ्या पाण्याची सोय करा.

पाणकावळा: आणि गाव नाही म्हणालं तर?

गाळमाती: तर खालच्या नदीकाठच्या लोकांनाही विचारा. पाइक त्यांच्याकडेच जाणार आहेत.