गाजलेल्या गाण्याचे मंचावरील पुनर्गायन: परीक्षण कशाचे व्हावे?

मंद्रसप्तक (धागाकर्ता):
गाजलेले गाणे दुसऱ्या गायकाने मंचावर सादर केले, की ‘मूळ गाण्याची सर नाही’ एवढ्यावर निकाल लागतो. हा निकाल मला अन्यायकारक वाटतो. ध्वनिमुद्रणात चुकलेली ओळ पुन्हा गाता येते, मंचावर ती सोय नसते. १९६७ साली बीटल्स या ब्रिटिश बँडने मुद्रित केलेले ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे बँडचे ड्रमवादक रिंगो स्टार यांनी साधेपणाने गायलेले, चार मात्रांच्या ठेक्यातले हलकेफुलके गाणे आहे. १९६९ च्या वुडस्टॉक या अमेरिकेतील संगीत महोत्सवात ब्रिटिश गायक जो कॉकर यांनी त्याची लय संथ केली, ठेका तीन-तीन मात्रांच्या झोक्यात नेला आणि त्याच ओळी जीव ओतून, आर्त स्वरात गायल्या. साम्य हाच निकष धरला तर हे अविस्मरणीय गायन नापास ठरेल. म्हणून गायकाने कोणता निर्णय घेतला आणि तो शेवटपर्यंत निभावला का, हे पाहावे.

षड्जप्रेमी:
असहमत. कॉकर हा अपवाद आहे आणि अशा अपवादांच्या आडून पुष्कळ ढिसाळ गाणे खपवले जाते. बहुतेक वेळा चाल बदललेली नसते, ती पेललेली नसते. झेपत नाही म्हणून पट्टी उतरवली, इथवर ठीक. पण मग मुखड्यातले खालचे स्वर घशातच विरतात, श्वास पुरत नाही म्हणून शब्द मध्येच तुटतो आणि अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर आला, की माइक श्रोत्यांकडे वळतो. याला नवा विचार म्हणणे हा मूळ संगीतकारावर अन्याय आहे.

अतिद्रुत:
निर्णय आणि नाइलाज यांतला फरक दुसऱ्या अंतऱ्यात कळतो. पहिल्या अंतऱ्यात बदललेली जागा (चालीतले वळण) तिथेही तशीच, किंवा आणखी फुलवून आली, तर ती विचारपूर्वक घेतलेली आहे; एकदाच येऊन गेली तर बहुधा घसरण. शिवाय फोनवर टिपलेल्या तुकड्यावरून मत देऊ नये, कारण त्यात आवाजाचे चढउतार सपाट होतात आणि शेजारच्या श्रोत्याचे गुणगुणणे गायकापेक्षा मोठे ऐकू येते.

षड्जप्रेमी:
फोनबद्दलचे म्हणणे पूर्ण मान्य. दुसऱ्या अंतऱ्याची कसोटीही चांगली आहे, मात्र कोणती जागा बदलली हे मूळ गाणे पाठ असलेल्यालाच कळणार. मग तुलना टळली कुठे?

मंद्रसप्तक:
तुलना टाळा असे मी म्हटलेलेच नाही. बदल ओळखण्यासाठी मूळ गाणे जरूर आठवावे. गुण मात्र त्या बदलाने गाण्याला काय दिले, यावर द्यावेत.