केबलवरच्या काकांना निरोपाला काय द्यावं?

प्रश्न: आमच्या सांगलीच्या केबल चॅनेलचे बातमीदार काका या महिन्यात निवृत्त होताहेत. गल्लीतर्फे सत्कार ठरलाय. शाल-श्रीफळ सोडून काय देता येईल?

उत्तर १: २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोका पातळी ४५. हा माणूस माईकला प्लॅस्टिकची पिशवी बांधून उभा! आई रात्री दोनला फोन करायची, "आता किती फूट हो?" उचलायचे. जुन्या बातम्या जमवून पेनड्राइव्ह द्या.

उत्तर २: शाली पोतंभर असतील त्यांच्याकडे. काकूंना आधी स्टेजवर बोलवा.

प्रश्नकर्ता: जुन्या टेपांना बुरशी लागलीय म्हणे.

उत्तर १: मग तशाच प्लेअरमध्ये घालू नका, प्लेअरचं टेप वाचणारं हेड खराब होतं. आधी साफ करून घ्या. आणि नगरसेवकांना तीनच मिनिटं!