खानापूर तालुक्यातलं (जि. बेळगाव) गावचं मराठी वाचनालय: सरकारी मदत, पंचायत आणि वाचक, सुरुवात कुठून करायची?

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न:

तरुण मंडळाचं वाचनालय आहे. पुस्तकं साधारण १,४००, त्यातली निम्मी देणगीत आलेली. जागा समाज मंदिराच्या माडीवर, रोज संध्याकाळी दोन तास उघडं. वर्गणी भरणारे सभासद चाळीसच्या आत आणि त्यातले बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. गावात पंचायतीचं अरिवु केंद्र (सरकारी ग्रंथालय) आहे, पण तिथं मराठी पुस्तकं बोटावर मोजण्याइतकी. नेमकं विचारायचं ते असं:

१. घरपट्टीच्या पावतीवर ग्रंथालय कर असतो. त्यातून मराठी पुस्तकं मागता येतात का? कुणाकडे?
२. खासगी वाचनालयाला थेट मदत मिळते का, कर्नाटकातून, केंद्रातून किंवा महाराष्ट्रातून?
३. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते. शिवाय माडीवर आणखी रॅक ठेवले तर स्लॅबला चालेल का?
४. तरुण पोरं यावीत म्हणून काय करावं?

ठरावबुक यांचं उत्तर:

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

१९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली घरपट्टीवर ६ टक्के ग्रंथालय कर लागतो. पंचायतीच्या मागणीपत्रात आरोग्य १५, शिक्षण १०, ग्रंथालय ६ आणि भिक्षुक ३ टक्के अशा ओळी असतात. म्हणजे हजार रुपये घरपट्टी भरणाऱ्यानं त्या वर्षी वाचनासाठी साठ रुपये मोजलेले असतात.

लोक चुकतात ते खिडकीत. गावपातळीवरची ग्रंथालयं २०१९ मध्ये ग्रंथालय खात्याकडून काढून ग्रामीण विकास व पंचायत राज खात्याकडे दिली. त्यामुळं गावच्या पुस्तकांसाठी बेळगावच्या जिल्हा ग्रंथालयात अर्ज दिला तर तो तिथंच पडून राहतो. तुमचा रस्ता पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), मग तालुका पंचायतीचे ईओ (कार्यकारी अधिकारी), मग झेडपीचे सीईओ. शहरातल्या वाचकांचं वेगळं: महापालिका वसूल करते तो कर शहर ग्रंथालय प्राधिकरणाकडे जातो, म्हणून त्यांनी शहर केंद्रीय ग्रंथालयात मागणी नोंदवायची.

रक्कम किती असेल याचा अंदाज आधी बांधा, नाहीतर पंचायतीत भलताच आकडा बोलला जातो. समजा ९०० मिळकती, सरासरी घरपट्टी ४००. मागणी ३,६०,००० आणि त्यावर ग्रंथालय कर २१,६००. वसुली ६० टक्के झाली तर हातात १२,९६०. सूट जाऊन पुस्तक सरासरी २०० रुपयांना पडलं तर सगळे पैसे पुस्तकांवर घातले तरी ६४ पुस्तकं होतात, आणि कन्नड वाचकांचा वाटा त्यातच. म्हणून मागणी "वर्षाला २५ मराठी पुस्तकं" अशी ठेवा. ती मान्य होते, कारण ती नाकारायला कारण सापडत नाही.

ठराव कसा लिहायचा: "अरिवु केंद्रात मराठी पुस्तके असावीत" हा ठराव प्रोसिडिंगला चढतो आणि तिथंच संपतो. संख्या, रक्कम, खर्चाचं शीर्ष आणि मुदत या चारही गोष्टी वाक्यात हव्यात. "चालू वर्षाच्या ग्रंथालय कर वसुलीतून ५,००० रुपयांपर्यंत, सोबत जोडलेल्या यादीतील २५ मराठी पुस्तके डिसेंबरअखेर खरेदी करावीत." यादीत प्रकाशक आणि किंमत घाला, म्हणजे कोटेशन मागवायचं काम पंचायतीला सोपं जातं. वॉर्डसभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हव्यात. त्यातही पुढच्या वर्षाची क्रियायोजना (कामांचा वार्षिक आराखडा) ठरायच्या आधीची सभा धरा. क्रियायोजना मंजूर झाल्यावर मागितलं की "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर ठरलेलं.

अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठी प्रत मागे जोडा. भाषेचा मान-अपमान इथं आणू नका, तुम्हाला पुस्तकं हवी आहेत.

वसुलीचा आकडा तोंडी मिळाला नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, यावरच बरेच अर्ज परत येतात. आणि कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हटलंय, तेव्हा मराठीतला अर्ज अडकू शकतो. तीनच गोष्टी विचारा: मागच्या दोन वर्षांत ग्रंथालय कराची मागणी किती, वसुली किती, खर्च कशावर.

दाखलनोंद यांचं उत्तर:

वरच्यात एक भर. पंचायत असो वा केंद्र सरकार, "मराठी वाचक किती?" हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर देवघेव रजिस्टरातच असतं. अरिवु केंद्रात जाऊन पोरं तिथंच बसून वाचतात आणि नोंद न करता उठतात. मग वर्षअखेर मराठी पुस्तकांची देवघेव शून्य दिसते आणि पुढची खरेदी थांबते. सही केल्याशिवाय पुस्तक हातात घेऊ नका म्हणून सभासदांना बजावा. केंद्रात हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. वही नसेल तर ठेवायला लावा.

आता दुसरा प्रश्न. महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आणि त्यातली अ, ब, क, ड वर्गवारी महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांसाठी आहे. त्यातलं परिरक्षण अनुदान इथल्या वाचनालयाला लागू नाही. सीमाभागातल्या संस्थांसाठी तिकडून अधूनमधून मदत जाहीर होते, अर्ज जरूर करा, पण ग्रंथपालाचा पगार किंवा वीजबिल त्याच्या भरवशावर धरू नका.

खासगी वाचनालयासाठी खरा दरवाजा राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा. १९७२ साली स्थापन झालेली, कोलकात्यात मुख्यालय असलेली, केंद्रीय संस्कृती मंत्रालयाखालची ही संस्था. तिच्या काही योजनांत राज्याला आपला वाटा घालावा लागतो, काहींत लागत नाही. स्वयंसेवी संस्थांच्या ग्रंथालयांसाठी दुसऱ्या प्रकारातली योजना बघा. अर्ज राज्याच्या ग्रंथालय खात्याच्या शिफारशीनं पुढे जातो.

यात मंडळं अडकतात ती कागदावर. गणेशोत्सवाचं मंडळ म्हणजे नोंदणीकृत संस्था नव्हे. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली नोंदणी हवी (किमान सात सभासद, उद्देशात "सार्वजनिक ग्रंथालय चालवणे" स्पष्ट लिहिलेलं). नोंदणी झाली की काम संपलं असं समजून दहा वर्षं कुणी फिरकत नाही आणि अनुदानाच्या वेळी अडतं. वार्षिक सभा झाल्यावर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद निबंधकाकडे द्यायचा असतो. सोबत ऑडिट केलेले हिशेब, पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी तयार ठेवा. जागा समाज मंदिराची आहे ना? मग पंच मंडळींकडून वापराचं लेखी पत्र किंवा भाडेकरार घ्या. तोंडी परवानगीवर कुठलीही योजना मिळत नाही.

फलक रंगवणार असाल तर आत्ताच नीट रंगवा: २०२४ च्या दुरुस्तीनंतर नामफलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये आणि तो वरच्या बाजूला लागतो, ट्रस्टसुद्धा त्यात येतात. उरलेल्या भागात मराठी ठळक घ्या.

आणि पुस्तकांची दाखल नोंदवही. दाखल क्रमांक, आलेली तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, खरेदी की देणगी, वर्गांक, शेरा. क्रमांक एकदा दिला की पुस्तक हरवलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. वर्गीकरण ड्युईच्या दशांश पद्धतीनं करा: मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. कन्नड साहित्य ८९४.८१४. हा अंक पाठीवर चिकटवलेला असला की मराठी न वाचणारा माणूसही पुस्तक जागेवर ठेवू शकतो.

१,४०० पुस्तकांना कोहासारखं मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, साधी स्प्रेडशीट पुरते. फक्त दोन गोष्टी पाळा. टाईप युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमधली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. आणि दाखल क्रमांकाचे, किमतीचे आकडे इंग्रजी अंकांतच ठेवा. देवनागरी अंक स्प्रेडशीट अक्षरं समजते, बेरीज येत नाही आणि १० क्रमांक २ च्या आधी जाऊन बसतो.

मलप्रभाकाठ:

अरिवु केंद्राला आमची शंभर-दोनशे पुस्तकं देऊन टाकावीत असं एक मत आहे. द्यावीत का?

ठरावबुक:

देऊन टाकू नका, वापरायला द्या. दान दिलेलं पुस्तक पंचायतीच्या साठ्यात चढतं, मग ते परतही घेता येत नाही आणि बदलताही येत नाही. त्याऐवजी ५० पुस्तकांची पेटी तीन महिन्यांसाठी ठेवा, मग बदलून दुसरी. यादी दोन प्रतींत, दोन्हींवर केंद्राच्या ग्रंथपालाची आणि तुमची सही, "तात्पुरती ठेव, मालकी मंडळाची" असा शेरा. ग्रंथपाल का-कू करतो ते बहुधा भाषेमुळं नव्हे. साठ्याची जबाबदारी त्याच्या अंगावर असते म्हणून करतो. यादीत हरवल्यास जबाबदार कोण हे लिहिलं की तो तयार होतो.

राकसकोप यांचं उत्तर:

तिसरा प्रश्न. जांबोटी-कणकुंबीकडच्या पट्ट्यात पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर बरेच दिवस राहिली की कागदाला बुरशी धरणारच. दोन-तीनशे रुपयांचं आर्द्रतामापक भिंतीला लावा. बाहेर धो-धो पाऊस असताना "हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघडल्या तर ओल आतच येते. तेव्हा खिडक्या बंद आणि पंखा सुरू. उघडीप मिळाली की दुपारी दोन तास सगळं उघडं टाका.

रॅक लोखंडी, भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे, खालचा खण जमिनीपासून तेवढाच वर. भिंत ओलावते आणि मागच्या रांगेला आधी बुरशी येते, वाळवीसुद्धा भिंतीतूनच चढते. खणात पुस्तकं ठासून भरू नका, दोन बोटं आत जातील एवढी ढिलाई ठेवा. पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालायची हौस असते, पावसाळ्यात त्याच्या आत घाम धरतो. खाकी कागद बरा.

बुरशी आलेलं पुस्तक आधी वेगळं काढा. बाहेर नेऊन, नाकाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. खोलीत झाडलं तर बुरशीचे कण शेजारच्या खणावर बसतात. उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो आणि कागद पिवळा पडतो. सावलीत, पानं पंख्यासारखी उघडून उभं ठेवा. भिजलेलं पुस्तक असेल तर पानांमध्ये कोरा टिपकागद घाला, वर्तमानपत्राची शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरचं पुस्तक मात्र ओलं असतानाच पान न् पान सुटं करायला हवं, एकदा चिकटून वाळलं की गेलं.

स्लॅबचं: घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबानं धरतात, ग्रंथालयाच्या साठ्याच्या खोलीसाठी ६००. साडेसहा फुटी रॅक १८० पुस्तकांनी भरला की लोखंडासकट ८०–९० किलो होतो. तुमची सगळी पुस्तकं आठ रॅकमध्ये मावतात. ते भिंतीला लागून, बीमवर येतील असे ठेवले तर बहुधा अडचण येणार नाही. खोलीच्या मध्ये पाठीला पाठ लावून रांगा करायच्या असतील तर मात्र आधी इंजिनिअरला दाखवा. जुना माळा लाकडी असेल तर भिंतीलगतही विचारूनच.

वाचनखूण यांचं उत्तर:

तरुणांचं बोलू. अठरा ते पंचवीसची पोरं कादंबरीसाठी वाचनालयात येतील अशी आशा धरू नका. ती बसायला जागा, उजेड, शांतता आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं शोधत असतात. आपल्याकडे परीक्षा केपीएससी (कर्नाटक लोकसेवा आयोग), पोलीस भरती, पीडीओ अशा, आणि त्यांची पुस्तकं कन्नड किंवा इंग्रजीत. "मराठी वाचनालयात कन्नड पुस्तकं कशाला" हा वाद कार्यकारिणीत होणार, पण एका रॅकभर ती ठेवलीत तर माणसं आत येतात. चालू वर्षाचीच घ्या. तीन वर्षांपूर्वीच्या चालू घडामोडींचा रॅक बघून पोरगं परत फिरकत नाही. सकाळी सहा ते नऊ उघडं ठेवता आलं तर संध्याकाळपेक्षा जास्त फायदा.

पैशांसाठी दिवाळी अंक योजना अजूनही चालते, फक्त गणित नीट मांडा. वाचक अंकांपेक्षा कमी हवेत. ४० अंक आणि ५० वाचक घेतले की दहा जण कायम रिकाम्या हातानं परत जातात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. ४० अंकांना ३२ वाचक धरा. अंक सरासरी ३०० चा तर खर्च १२,००० आणि ४०० वर्गणीनं जमा १२,८००. वरचे ८०० आणि एकगठ्ठा खरेदीवरची सूट ही तुमची शिल्लक. मागणीच्या पाच अंकांच्या दोन-दोन प्रती घ्या, चार दिवसांत परत हा नियम कडक ठेवा आणि फेब्रुवारीत अंक निम्म्या किमतीत विकून टाका.

मुलांची पुस्तकं खालच्या दोन खणांत, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथल्या साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, शेवटच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर विक्रेता सूट वाढवून देतो.

पुण्याहून पुस्तकं मागवायची तर १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा. पाच किलोत पंधराएक पुस्तकं बसतात. ती जमिनीवरूनच येते, त्यामुळं वेळ लागतो. आत बिल किंवा चिठ्ठी घालू नका, ते वेगळं पाठवायला सांगा. जाहिराती असलेलं छापील साहित्य त्यात चालत नाही, तेव्हा दिवाळी अंक एसटीच्या किंवा ट्रान्सपोर्टच्या पार्सलनंच.

मलप्रभाकाठ:

नोंदणी १९९० च्या दशकातली आहे, पण ताळेबंद दिल्याचं कुणाला आठवत नाही. आधी निबंधक कार्यालयात जातो आणि राहिलेल्या वर्षांचं काय ते विचारतो. दिवाळी अंकांसाठी ३२ नावं मात्र आजपासूनच लिहायला घेतो.

दाखलनोंद:

जाताना नोंदणी प्रमाणपत्राची आणि मूळ घटनेची झेरॉक्स न्या. घटना सापडत नसेल तर प्रमाणित प्रतीसाठी अर्ज त्याच दिवशी द्या. कार्यकारिणीतले मयत सभासद अजून यादीत असतील, तेव्हा नव्या कार्यकारिणीच्या निवडीचा सभावृत्तांत सोबत लागेल.